जेरघाटातील विद्यार्थी आणि पर्यावरण-नीती

छिंदवाड्याच्या पठारावरून नागपूरकडे निघालेला रस्ता सिल्लेवानीचा घाट उतरून ज्या सखल, काळ्या मातीच्या मुलखात प्रवेश करतो, त्यास ब्रिटिश अमदानीतील गॅझेटियरकारांनी ‘जेरघाट’ म्हणजे घाटाखालचा प्रदेश असे म्हटले आहे. सौंसर आणि पांढुर्णा ही या मुलखातील दोन प्रमुख गावे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होऊन विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, तेव्हा घरी मराठी बोलणारा हा प्रदेश छिंदवाडा जिल्ह्यासह मध्यप्रदेशात राहिला. आणि २०२३ च्या ऑक्टोबरात मुख्यत्वे या दोन तहसिली एकत्र करून पांढुर्णा हा नवा जिल्हा निर्माण करण्यात आला. सरहद्दी अशा रीतीने पुनःपुन्हा आखल्या गेल्या, परंतु पाण्याने आपला उतार बदलला नाही. पांढुर्ण्यातून वाहणारी जाम नदी कन्हानला मिळते, कन्हान महाराष्ट्रात उतरून नागपूर शहराला पाणी पुरवते आणि पुढे वैनगंगेच्या द्वारे गोदावरीच्या खोऱ्यात जाते. शेजारच्या मुलताई तहसिलीत उगम पावणारी वर्धा नदीही अखेर त्याच खोऱ्याची वाट धरते. म्हणजे येथील पाणी नागपूरच्या दिशेने जाते आणि येथील कागद भोपाळच्या दिशेने.

पर्यावरण-नीतीचा अभ्यास करून त्या क्षेत्रात आयुष्याची उभारणी करू इच्छिणाऱ्या येथील तरुण-तरुणींना याहून मोलाचा पहिला पाठ कोणत्याही ग्रंथात सापडणार नाही. निसर्गाची व्यवस्था खोऱ्यांनी आणि उतारांनी बांधलेली असते, राज्याची व्यवस्था जिल्ह्यांनी आणि दप्तरांनी; आणि या दोन व्यवस्था जेथे एकमेकींशी जुळत नाहीत, तेथेच विहिरी आटतात, नद्या नासतात, तक्रारी वर्षानुवर्षे टेबलांवरून फिरत राहतात आणि अखेर कोणीतरी विचारते की ही जबाबदारी नेमकी कोणाची. या प्रश्नाचे उत्तर शोधणे, ते कायद्याच्या भाषेत मांडणे आणि अमलात आणवणे, हे पर्यावरण-नीतीचे कार्य होय. आमचे प्रतिपादन असे की, जो विद्यार्थी आपल्या तहसिलीच्या भूमीवर हे शास्त्र शिकेल, त्याच्याच शिक्षणाला खरे मोल येईल. आणि जो ते केवळ परीक्षेपुरते पाठ करील, त्याच्या हाती पदवी येईल, विद्या येणार नाही.

पर्यावरण-विज्ञान आणि पर्यावरण-नीती यांच्यातील भेद सामान्य वाचकास संत्र्याच्या बागेवरून सहज समजेल. आंबिया बहार धरावयाचा असो वा मृग बहार, बागेस प्रथम ताण देणे आणि नंतर वेळेवर भरपूर पाणी देणे या क्रमावरच फुलोरा अवलंबून असतो. आणि हे पाणी या भागात मुख्यतः दख्खनच्या बेसाल्ट खडकाच्या भेगांतून, विहिरी व बोअर यांच्या द्वारे उपसले जाते. खडकात किती पाणी साठते, पावसाळ्यात ते किती भरते आणि उपसा त्याहून अधिक झाल्यास पातळी किती खालावते, हे विज्ञान सांगते. परंतु एका खातेदाराने आपल्या शेतात सहाशे फूट खोल बोअर घेतल्यामुळे शेजाऱ्याची विहीर कोरडी पडली, तर त्यास दाद कोठे मिळावी, हे विज्ञान सांगू शकत नाही. १८८२ च्या सुखाधिकार अधिनियमापासून आपल्याकडे असा समज रूढ झाला आहे की ज्याची जमीन त्याचेच तिच्याखालचे पाणी. मध्यप्रदेशाच्या १९८६ च्या पेयजल परिरक्षण अधिनियमाने टंचाईच्या काळात जिल्हाधिकाऱ्यास नव्या बोअरवर निर्बंध घालण्याचा अधिकार दिला. आणि सरहद्दीपलीकडे काटोल, नरखेड, वरूड येथील तशाच बागांना महाराष्ट्राचा २००९ चा भूजल अधिनियम लागू आहे. खडक एक, पीक एक, शेतकऱ्याची भाषा एक, आणि कायदे दोन. या परिस्थितीची कारणमीमांसा करून तीवर उपाय सुचवणे, हे ज्याला साधते तो पर्यावरण-नीतीचा जाणकार.

हे शास्त्र परदेशातून आलेले आहे आणि १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेपूर्वी आपणास त्याची ओळख नव्हती, असा एक समज सुशिक्षितांत आढळतो. वस्तुतः जेरघाटाच्या पटवाऱ्याच्या दप्तरात या विषयाची मूळ कागदपत्रे शतकाहून अधिक काळ बांधून ठेवलेली आहेत. मध्यप्रांतात जमाबंदी होऊन मालगुजारी पद्धती स्थिर झाली तेव्हा गावकऱ्यांनी जंगलातून जळण, काटे-कुड, बांधकामाचे लाकूड किती न्यावे, गुरे कोठे चारावी, गुरांना पाणी कोणत्या तळ्यावर पाजावे, कोणत्या पांदणीने जावे, याविषयीचे हक्क निस्तार म्हणून नोंदवले जात आणि गावच्या रूढींची नोंद वाजिब-उल-अर्ज या कागदात होत असे. १९५१ च्या मार्चअखेर मालगुजारी संपुष्टात आली आणि गावाची पडीत, झुडपी, कुरणे आणि तळी सरकारकडे गेली. तरीही १९५९ च्या मध्यप्रदेश भू-राजस्व संहितेने कलम २३४ मध्ये निस्तारपत्रकाची आणि कलम २४२ मध्ये वाजिब-उल-अर्जाची तरतूद कायम राखली. पुढे २००६ साली संसदेने वनहक्क कायदा केला, तेव्हा सामूहिक हक्कांच्या यादीत निस्ताराचा स्पष्ट निर्देश झाला. एका गावाचे चराईचे कुरण मालगुजाराच्या अमलापासून संसदेच्या अधिनियमापर्यंत कोणकोणत्या कागदांतून प्रवास करीत आले, हे जो विद्यार्थी तहसील कचेरीत बसून शोधून काढील, त्यास सामायिक संसाधनांचे शासन हा विषय जगातील कोणत्याही विद्यापीठात नवा वाटणार नाही.

अर्वाचीन कायद्यांचा इतिहास थोडक्यात सांगण्याजोगा आहे. १९७४ चा जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा आणि १९८१ चा वायुप्रदूषण प्रतिबंधक कायदा यांच्यामुळे प्रदूषण नियंत्रण मंडळांना अधिकार मिळाले. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने पर्यावरणाचे रक्षण हे राज्याचे धोरण आणि नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरले. आणि १९८४ च्या डिसेंबरातील दोन व तीन तारखांच्या मधल्या रात्री भोपाळ येथे विषारी वायूने हजारो निरपराध माणसांचा बळी घेतल्यानंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण अधिनियम आला. म्हणजे देशातील या विषयाच्या सर्वांत व्यापक कायद्याची जननी ठरलेली दुर्घटना आपल्याच राज्याच्या राजधानीत घडली, ही गोष्ट मध्यप्रदेशातील विद्यार्थ्याने क्षणभरही विसरू नये. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार खाण किंवा मोठा कारखाना काढण्यापूर्वी पर्यावरणावरील आघाताचा अहवाल तयार व्हावा लागतो, आणि बहुतेक मोठ्या प्रकल्पांसाठी किमान ३० दिवसांची सूचना देऊन जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या वरिष्ठ प्रतिनिधीच्या अध्यक्षतेखाली लोकसुनावणी घ्यावी लागते. त्यानंतर २०१० च्या कायद्याने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण स्थापन झाले. पांढुर्ण्याच्या नागरिकाने या न्यायाधिकरणाकडे अर्ज करावयाचा तो भोपाळच्या पीठाकडे; आणि काही कोसांवरील काटोलच्या नागरिकाने पुण्याच्या पीठाकडे. एकाच खोऱ्यातील दोन शेजाऱ्यांना दोन दिशांना जावे लागते, हे ज्यास ठाऊक आहे तोच पुढे त्यांच्यामधील दुवा होऊ शकेल.

आता महाविद्यालयाकडे वळू. पर्यावरण-शिक्षण सर्व स्तरांवर सक्तीचे करावे असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने महेशचंद्र मेहता यांच्या याचिकेवर २२ नोव्हेंबर १९९१ रोजी दिला. २००३ साली न्यायालयानेच त्याची पुन्हा आठवण करून दिली. आणि त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा अनिवार्य अभ्यासक्रम आखला, ज्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या भारती विद्यापीठातील पर्यावरण-शिक्षण संस्थेचे डॉ. एरच भरुचा यांनी लिहिले. विषय अशा प्रकारे प्रत्येक विद्यार्थ्याच्या दारी आला. परंतु पुष्कळ ठिकाणी त्याची गत सक्तीच्या विषयांची होते तीच झाली: चार प्रश्न पाठ करावे, एका वृक्षाचे चित्र काढावे, प्रकल्पवही कोणाची तरी उतरवून द्यावी आणि उत्तीर्ण व्हावे. न्यायालयाने जो दरवाजा उघडला त्याच्या उंबरठ्यावरच विद्यार्थी थांबतो, याचे आम्हांस मनःपूर्वक वाईट वाटते. कारण पांढुर्णा आणि सौंसर येथील शासकीय महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलांना प्रयोगशाळेसाठी दूर जावे लागत नाही, ती त्यांच्या घराभोवती पसरलेली आहे.

या विषयाची पूर्वतयारी त्रिविध आहे. पहिली मोजमापाची. पाण्यात विरघळलेला प्राणवायू, त्याची आम्लता, विहिरीची पावसाळ्यापूर्वीची आणि नंतरची पातळी, गावच्या कचऱ्याचे ओल्या-सुक्या प्रमाणाने वजन, या गोष्टी स्वतःच्या हाताने मोजल्या नाहीत तर नीतीविषयीची चर्चा हवेत राहते. दुसरी तयारी कायद्याची आणि दप्तराची: अधिनियम, नियम, अधिसूचना आणि शासननिर्णय यांतील भेद ओळखणे, माहितीच्या अधिकाराचा अर्ज नेमक्या शब्दांत लिहिणे, सुनावणीचे इतिवृत्त वाचणे, आघात-अहवालातील तक्त्यांत काय सांगितले आहे आणि काय सांगावयाचे राहून गेले आहे हे पारखणे. तिसरी तयारी हिशेबाची. जो खर्च कारखान्याच्या ताळेबंदात दिसत नाही आणि खालच्या गावाच्या दवाखान्यात मात्र दिसतो, तो कोणी सोसावा हा अर्थशास्त्राचा मध्यवर्ती प्रश्न आहे. विज्ञान शाखेचा विद्यार्थी पहिल्या गोष्टीत पुढे असतो, कला शाखेचा दुसऱ्या आणि वाणिज्य शाखेचा तिसऱ्या; म्हणून कोणीही आपली शाखा चुकली असे मानून खचू नये, उरलेल्या दोन गोष्टींची तरतूद मात्र तीन वर्षांत अवश्य करावी.

हे शिक्षण प्रत्यक्षात कसे घेता येईल, याचे एक उदाहरण देतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ साली प्रत्येक जिल्ह्याने आपला पर्यावरण-आराखडा तयार करावा असे निर्देश दिले आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्याचा नमुना सात विषयांत मांडला: कचरा, पाण्याची गुणवत्ता, घरगुती सांडपाणी, औद्योगिक सांडपाणी, हवेची गुणवत्ता, खाणकाम आणि ध्वनी. नव्या जिल्ह्यासाठी हे सातही विषय जिवंत आहेत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीसाठी ज्या जाम नदीच्या पात्राकडे सगळ्या देशाचे लक्ष जाते, त्याच नदीच्या पाण्याची वर्षाच्या निरनिराळ्या ऋतूंत शहराच्या वर आणि शहराच्या खाली तपासणी करून नोंद ठेवणे, हा पहिला पाठ. सौंसरजवळचा बोरगाव औद्योगिक परिसर, जेथे रेमंडसारख्या मोठ्या कंपनीचा कापडाचा कारखाना १९९१ पासून आहे, तेथील उद्योगांना राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने कोणत्या शर्तींवर संमती दिली आहे हे सार्वजनिक कागदपत्रांतून वाचणे, हा दुसरा. आणि भूशास्त्रज्ञ ज्यांना ‘सौंसर समूह’ या नावाने ओळखतात त्या प्राचीन, मँगनीजयुक्त खडकांतील खाणकामाचा वेध घेणे, हा तिसरा. १९०९ साली लुइस फर्मोर या भूशास्त्रज्ञाने भारतातील मँगनीजावर विस्तृत प्रबंध प्रसिद्ध केला, त्यात या परिसराचे वर्णन आले आहे. हे मँगनीज पोलादात जाते. युरोपीय संघाने २०२३ पासून आयात पोलादाच्या कार्बनभाराचा हिशेब मागण्यास प्रारंभ केला आहे. म्हणजे सौंसरच्या खडकाचा आणि ब्रसेल्सच्या कायद्याचा संबंध आता प्रत्यक्ष आहे.

पुढील शिक्षणासाठी या प्रदेशाइतके अनुकूल स्थान क्वचितच सापडेल. रेल्वेने किंवा मोटारीने दोन-अडीच तासांच्या आत ज्या नागपुरास पोहोचता येते, तेथे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे नीरी, १९५८ पासून कार्य करीत आहे. स्थापनेच्या वेळी सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी हा तिचा विषय होता आणि १९७४ साली तिने आजचे नाव धारण केले. भूमीचे सर्वेक्षण आणि भूमीचा उपयोग यांविषयीची राष्ट्रीय संस्था, लिंबूवर्गीय फळांचे केंद्रीय संशोधन केंद्र, कापूस संशोधन केंद्र आणि भारतीय खाण ब्यूरो, या सर्वांची मुख्य कार्यालये याच शहरात आहेत. संत्रा, कापूस, माती आणि मँगनीज या जेरघाटाच्या चारही विषयांचे तज्ज्ञ एका शहरात एकवटलेले आहेत. दुसऱ्या दिशेला भोपाळ येथे १९८२ साली स्थापन झालेली भारतीय वन प्रबंधन संस्था आहे, राष्ट्रीय विधी संस्था आहे आणि राज्य सरकारची पर्यावरण नियोजन व समन्वय संस्थाही आहे. पुण्यात भारती विद्यापीठाची संस्था आणि मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्था हेही मार्ग खुले आहेत. नागपूरचे प्रयोगशाळीय ज्ञान आणि भोपाळचे प्रशासकीय ज्ञान या दोहोंशी एकाच वेळी नाते ठेवणे सरहद्दीवरच्या विद्यार्थ्यास जितके सुकर आहे, तितके राजधानीतल्यासही नाही.

उपजीविकेचा प्रश्न आईवडील विचारतात आणि तो त्यांनी विचारलाच पाहिजे. संत्र्याची फळगळ झाली की ज्या घराचे वर्ष बुडते, त्या घराने मुलाच्या शिक्षणावर केलेला खर्च हा चैनीचा नसतो. या क्षेत्रात शासकीय मार्ग आहेत: भारतीय वनसेवा, राज्याची वनसेवा, प्रदूषण नियंत्रण मंडळे, नगरपालिका, पाणलोट आणि ग्रामविकासाच्या योजना. खासगी मार्गही गेल्या दशकात कायद्यानेच रुंद केले आहेत. २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराहून मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी लागते आणि त्या कार्यांत पर्यावरणाचा समावेश आहे. सेबीने बाजारमूल्याच्या क्रमाने पहिल्या १,००० कंपन्यांना २०२२-२३ पासून पाणी, ऊर्जा, कचरा आणि उत्सर्जन यांचा तपशीलवार शाश्वतता-अहवाल सादर करणे अनिवार्य केले. हे अहवाल लिहिणारे, त्यांतील आकडे पडताळणारे आणि कारखान्यात प्रत्यक्ष सुधारणा घडवणारे, अशा तिन्ही प्रकारच्या माणसांची आवश्यकता आहे. मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे: प्रारंभीचे वेतन बेताचे असते, कामात फिरती असते आणि केवळ प्रमाणपत्रांच्या जोरावर कोणी फार काळ टिकत नाही. टिकतो तो, ज्याने पदवीच्या काळात एखादी नदी, एखादी बाजारपेठ किंवा एखादी पंचायत मनापासून अभ्यासलेली असते आणि त्याविषयीचा स्वतः लिहिलेला अहवाल जो समोर ठेवू शकतो.

येथील विद्यार्थ्याजवळ आणखी एक संपत्ती आहे, जिची त्यास बहुधा जाणीव नसते. घरी मराठी, शाळेत व कचेरीत हिंदी आणि पाठ्यपुस्तकात इंग्रजी अशा तीन भाषांत तो वाढतो, आणि याची त्याला पुष्कळदा लाज वाटते. परंतु आघात-अहवाल इंग्रजीत लिहिला जातो, त्याचा सारांश हिंदीत निघतो आणि ज्या शेतकऱ्याच्या बागेवर त्या प्रकल्पाचा परिणाम व्हावयाचा तो विचार करतो मराठीत; त्यामुळे लोकसुनावणीच्या मांडवात बसलेली वृद्ध माणसे मान हलवतात आणि घरी गेल्यावर शेजाऱ्यास विचारतात की तेथे नक्की काय ठरले. पश्चिम घाटाविषयीच्या तज्ज्ञगटाचे अध्यक्ष डॉ. माधव गाडगीळ यांनी २०११ साली अहवाल सादर केला, तेव्हा तो स्थानिक भाषांत आणून ग्रामसभांपुढे ठेवावा आणि निर्णय तळातून वर यावा, असा आग्रह धरला होता. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून हार्वर्डपर्यंत गेलेला हा शास्त्रज्ञ आयुष्यभर मराठीतही लिहीत राहिला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गोंड गावाने तर अभ्यासगट स्थापून, कायदे वाचून आणि चर्चा करून सर्वानुमते निर्णय घेण्याचा शिरस्ता पाडला आणि २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावरील सामूहिक हक्क मिळवले. बाहेरचे जाणते लोक माहिती देत आणि निर्णय गाव घेई. जेरघाटातील सुशिक्षित तरुणाने आपल्या गावासाठी या माहितगाराची भूमिका स्वीकारावी. त्यास तिन्ही भाषा अवगत आहेत आणि गावाचा विश्वासही त्यास जन्मतः प्राप्त आहे.

म्हणून या प्रदेशातील अध्यापकांना आमची विनंती आहे की, पर्यावरणाच्या अनिवार्य प्रकल्पासाठी यापुढे विद्यार्थ्यांना जिल्हा-आराखड्यातील सात विषयांपैकी एकेक वाटून द्यावा आणि प्रत्येक तुकडीने मागील तुकडीची नोंद पुढे चालवावी. पाच वर्षांत जाम आणि कन्हान यांच्या पाण्याची, भूजलाची व कचऱ्याची अशी अखंड नोंद हाती येईल की जिल्हाधिकाऱ्यास ती मागवून घ्यावी लागेल. पालकांना विनंती ही की, हा विषय घेणाऱ्या मुलीला वा मुलाला ‘याचा उपयोग काय’ असे विचारून परतवू नये. आणि विद्यार्थ्यांना सांगावयाचे ते असे: नव्या जिल्ह्याची दप्तरे अजून बसवली जात आहेत, त्याचे शिरस्ते अजून पडावयाचे आहेत. नदीकाठी सांडपाणी सोडण्यास परवानगी देताना, बोअरवर निर्बंध घालताना, खाणीची सुनावणी ठेवताना पुढील तीस वर्षे जे संकेत पाळले जातील, ते याच काळात ठरणार आहेत. त्या टेबलाशी मोजमाप जाणणारा, कायदा वाचलेला आणि येथील शेतकऱ्याचे म्हणणे त्याच्या भाषेत समजणारा कोणी असेल किंवा नसेल, यावर या मुलखाचे पाणी आणि माती अवलंबून आहे. आणि तो असावा, यासाठी लागणारे सर्व शिक्षण आज पांढुर्णा आणि सौंसरच्या विद्यार्थ्याच्या आवाक्यात आहे.